अणू : संकल्पनेचा इतिहास

अणू : मूलद्रव्याचे रासायनिक व्यक्तित्व ज्यात कायम राहते असा त्या मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण. अणूचा व्यास सर्वसाधारणपणे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या एक ते पाच पट असतो. त्याच्या मध्यभागी धन विद्युत् भार असलेले अणुकेंद्र असून त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन हे कण असतात. केंद्राभोवती ऋण विद्युत् भाराचे इलेक्ट्रॉन असतात. अणुकेंद्राचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारांश ते एक लक्षांश इतकाच असला, तरी अणूच्या एकूण द्रव्यमानापैकी ९९·९ टक्क्यांहून अधिक भाग त्यात एकवटलेला असतो. प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. आतापर्यंत ११८ मूलद्रव्ये ज्ञात झाली आहेत.

अणूविषयीची ही माहिती आज शालेय पाठ्यपुस्तकात येते. परंतु अणू डोळ्यांना दिसत नाही, आणि एकोणिसाव्या शतकात ज्यांनी अणूंच्या साहाय्याने रसायनशास्त्राची उभारणी केली त्यांच्यापैकीच अनेकांना अणू खरोखर अस्तित्वात आहेत असे वाटत नव्हते. काहींच्या मते ती केवळ हिशेबाची सोय होती. हा वाद जवळजवळ शंभर वर्षे चालला. त्यामुळे अणूचा इतिहास हा, न दिसणाऱ्या वस्तूच्या अस्तित्वाविषयी विज्ञानात खात्री कशी पटते, याचाही इतिहास आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा येथे आवश्यक आहे. मराठीत मूलद्रव्याच्या लघुतम कणास ‘अणू’ व अणूंच्या संयोगाने झालेल्या कणास ‘रेणू’ म्हणतात. हिंदीत याच अर्थांनी अनुक्रमे ‘परमाणु’ व ‘अणु’ हे शब्द रूढ आहेत. प्राचीन संस्कृत ग्रंथांतील ‘परमाणू’ ही मात्र तात्त्विक संकल्पना असून तिचा आधुनिक अर्थाशी पूर्ण मेळ बसत नाही.

प्राचीन कल्पना : द्रव्याचे विभाजन करीत गेल्यास ते कोठे तरी थांबले पाहिजे, हा विचार भारतात व ग्रीसमध्ये प्राचीन काळीच मांडला गेला. कणाद यांच्या वैशेषिक दर्शनात पृथ्वी, जल, तेज व वायू या चार द्रव्यांचे परमाणू मानलेले असून ते नित्य व निरवयव आहेत. आकाश हे परमाणूंचे बनलेले नाही. दोन परमाणूंच्या संयोगाने द्व्यणुक व तीन द्व्यणुकांच्या संयोगाने त्र्यणुक होते. झरोक्यातून येणाऱ्या सूर्यकिरणात तरंगताना दिसणारा धूलिकण हे त्र्यणुकाचे परंपरागत उदाहरण आहे. विभाजनाला मर्यादा नसेल, तर मोहरीच्या दाण्यातील व मेरू पर्वतातील अवयव सारखेच अनंत ठरतील आणि त्या दोहोंतील लहानमोठेपणाचे कारण सांगता येणार नाही, हा या दर्शनाच्या अनुयायांचा प्रमुख युक्तिवाद होता. जैन दर्शनातही पुद्‌गलाच्या परमाणूंचा विचार आढळतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात परमाणुवादावर कठोर टीका केली. ज्याला अवयवच नाहीत तो कण दुसऱ्याशी संयोग कसा पावेल, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता.

ग्रीसमध्ये ल्युसिपस व त्यांचे शिष्य डीमॉक्रिटस (इ. स. पू. सु. ४६०–३७०) यांनी सर्व वस्तू अविभाज्य कण व पोकळी यांच्या बनलेल्या आहेत असे प्रतिपादन केले. युरोपीय भाषांतील अणुवाचक शब्द ‘न कापता येणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहेत. ॲरिस्टॉटल यांनी पोकळीचे अस्तित्व नाकारले व द्रव्य सलग मानले. त्यांच्या मताचे वजन मोठे असल्यामुळे अणुवाद मागे पडला. रोमन कवी ल्युक्रीशियस यांच्या अणुवादी काव्याची हस्तलिखित प्रत १४१७ मध्ये पुन्हा उजेडात आल्यावर युरोपात या विचाराकडे लक्ष वेधले गेले. सतराव्या शतकात प्येअर गासँदी, रॉबर्ट बॉइल व आयझॅक न्यूटन यांनी द्रव्य कणमय असल्याचे मत स्वीकारले.

या सर्व विचारांत एक समान उणीव होती. अणू मानणारा व न मानणारा या दोघांनाही आपले मत युक्तिवादानेच पटवावे लागे. वजन, घनफळ किंवा संख्या यांचे मापन करून दोन मतांपैकी एकाची निवड करता येईल असा मार्ग कोणापाशीही नव्हता. त्यामुळे प्राचीन अणुवाद हा आधुनिक अणुसिद्धांताचा पूर्वज ठरला, तरी त्याचा पुरावा ठरत नाही.

डाल्टन यांचा अणुसिद्धांत : अणूचा विचार मापनाच्या कक्षेत आला तो तराजूमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हॉयझर (१७४३–९४) यांनी रासायनिक विक्रियेत एकूण वजन बदलत नाही हे काटेकोर वजने करून दाखविले आणि १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतर झोझेफ प्रूस्त यांनी एखाद्या संयुगातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण नेहमी तेच असते असे सिद्ध केले.

मँचेस्टर येथील शिक्षक जॉन डाल्टन (१७६६–१८४४) हे हवामानाच्या नोंदी ठेवीत असता वायूंच्या मिश्रणाचा व त्यांच्या पाण्यातील विद्राव्यतेचा विचार करू लागले आणि त्यातून अणूंच्या सापेक्ष वजनांकडे वळले. त्यांनी अणुभारांचा पहिला तक्ता १८०३ मध्ये तयार केला व १८०८ मध्ये आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्याच वजनाचे असतात, भिन्न मूलद्रव्यांच्या अणूंची वजने भिन्न असतात आणि संयुगे तयार होताना अणू लहान पूर्णांकांच्या प्रमाणात एकत्र येतात, ही त्या सिद्धांताची मुख्य सूत्रे होत.

या सिद्धांतावरून गुणित प्रमाणांचा नियम सहज निष्पन्न होतो. उदा., कार्बनाची दोन ऑक्साइडे घेतल्यास १२ ग्रॅ. कार्बनाशी एकात १६ ग्रॅ. व दुसऱ्यात ३२ ग्रॅ. ऑक्सिजन संयोग पावलेला असतो. हे प्रमाण बरोबर १:२ असते, त्यांच्या दरम्यानचे कोणतेही नसते. द्रव्य सलग असते, तर अशा पायऱ्या पडण्याचे कारण दिसत नाही. अणू मानले, तर एका ठिकाणी ऑक्सिजनाचा एक व दुसऱ्या ठिकाणी दोन अणू आहेत एवढे म्हटले की पुरते. डाल्टन यांचे वैशिष्ट्य अणूची कल्पना करण्यात नसून तिला वजन देण्यात आहे.

अणुभारांचा गोंधळ व त्याचे निराकरण : डाल्टन यांच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. पाण्यात हायड्रोजनाच्या १ भागास ऑक्सिजनाचे सु. ८ भाग वजनाने असतात, हे तराजू सांगतो. परंतु त्यात अणू किती आहेत हे तो सांगत नाही. पाण्याच्या एका कणात दोहोंचा एकेक अणू मानल्यास ऑक्सिजनाचा अणुभार ८ येतो, तर हायड्रोजनाचे दोन अणू मानल्यास तो १६ येतो. डाल्टन यांनी साधेपणाच्या तत्त्वानुसार पहिला पर्याय निवडला आणि तो चुकीचा होता.

यातून सुटण्याचा मार्ग लवकरच सापडला होता. झोझेफ गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये वायू परस्परांशी साध्या घनफळी प्रमाणात संयोग पावतात असे दाखविले. इटालियन शास्त्रज्ञ आमेडेओ आव्होगाड्रो (१७७६–१८५६) यांनी १८११ मध्ये, समान तापमान व दाब असताना सर्व वायूंच्या समान घनफळांत कणांची संख्या समान असते आणि ऑक्सिजनासारख्या मूलद्रव्यांचे वायुरूप कण दोन अणूंचे बनलेले असू शकतात, असे गृहीतक मांडले. सारख्याच जातीचे दोन अणू एकमेकांशी जोडले जातील ही गोष्ट त्या वेळच्या रसायनशास्त्रज्ञांना पटली नाही. परिणामी जवळजवळ ५० वर्षे निरनिराळे शास्त्रज्ञ निरनिराळे अणुभार वापरीत राहिले. आउगुस्ट केक्यूले यांनी १८६१ च्या सुमारास आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक अम्लासाठी सुचविली गेलेली १९ सूत्रे नोंदविली आहेत, यावरून या गोंधळाची कल्पना येते.

हा प्रश्न सोडविण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथे सु. १४० रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तीत स्तानिस्लाओ कान्नीत्सारो यांनी आव्होगाड्रो यांच्या गृहीतकाच्या आधारे अणुभार निश्चित करण्याची सुसंगत पद्धत मांडली व तिचे विवेचन करणारी पुस्तिका सदस्यांना वाटण्यात आली. परिषदेस द्‌मीत्री मेंडेलेव्ह व लोटार मायर हे दोघेही उपस्थित होते. विश्वसनीय अणुभार हाती आल्यामुळेच मूलद्रव्यांची मांडणी करणे शक्य झाले. मेंडेलेव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्त सारणी प्रसिद्ध केली. तीत त्यांनी मोकळ्या ठेवलेल्या जागांशी जुळणारी गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) ही मूलद्रव्ये पुढे सापडली.

अणू : वस्तू की सोय ? : एवढे यश मिळूनही अणूच्या अस्तित्वाविषयीचा वाद मिटला नव्हता. रसायनशास्त्राला सापेक्ष अणुभार पुरत होते. एकट्या अणूचे खरे वजन, आकार व संख्या यांविषयी रासायनिक विक्रियांवरून काहीच कळत नव्हते. जी गोष्ट केवळ गुणोत्तरांतूनच प्रकट होते तिला वस्तू का म्हणावे, हा आक्षेप अवाजवी नव्हता. फ्रान्समध्ये मार्सलँ बेर्तलो यांनी अणुसूत्रांच्या वापरास दीर्घकाळ विरोध केला. ऑस्ट्रियातील एर्न्स्ट माख यांच्या मते विज्ञानाने इंद्रियानुभवांतील संबंधांचे वर्णन करावे. अनुभवापलीकडचे अणू हे फार तर विचाराचे साधन होय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी तर अणूंना वगळून सर्व विज्ञान ऊर्जेच्या संकल्पनेवर उभारावे, असा पक्ष मांडला.

दुसऱ्या बाजूस भौतिकीविज्ञांनी अणूंना गती दिली होती. रूडोल्फ क्लॉसियस (१८५७) व जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८६०) यांनी वायूंचा दाब व उष्णता ही वेगाने धावणाऱ्या असंख्य रेणूंच्या गतीची फलिते आहेत असे गणिताने दाखविले. योझेफ लोश्मिट यांनी १८६५ मध्ये या सिद्धांताच्या आधारे हवेतील रेणूंच्या आकाराचा पहिला अंदाज केला. तो आजच्या मूल्याच्या काही पट मोठा असला, तरी त्याची श्रेणी बरोबर होती. लूटव्हिख बोल्टस्‌मान (१८४४–१९०६) यांनी उष्णतेचे नियम अणूंच्या सांख्यिकीतून सिद्ध केले व अणुवादाच्या बाजूने अनेक वर्षे वाद केला. वादाचा निकाल लागण्यापूर्वीच १९०६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

ब्राउनीय गती व पेरँ यांचे प्रयोग : हा निकाल एका जुन्या निरीक्षणातून लागला. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात सतत, अनियमितपणे हालत असल्याचे सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. अजैव पदार्थांचे बारीक कणही तसेच हालतात असे आढळल्यामुळे ही हालचाल सजीवपणाचे लक्षण नव्हे, हे त्यांनी ओळखले. परंतु तिचे कारण दीर्घकाळ अनिश्चित राहिले. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये व मार्यान स्मॉलुकॉव्हस्की यांनी १९०६ मध्ये, पाण्याच्या रेणूंच्या असमान आघातांमुळे ही गती होते असे मानून एका ठराविक काळात कण सरासरी किती सरकेल याचे सूत्र काढले. या सूत्रात रेणूंची संख्या येत असल्यामुळे, सरकण्याचे अंतर मोजून ती काढता येणार होती. न दिसणाऱ्या रेणूंची गणना आता दिसणाऱ्या कणाच्या साहाय्याने करता येण्यासारखी झाली.

पॅरिस येथील झां पेरँ (१८७०–१९४२) यांनी १९०८ पासून हे मापन हाती घेतले. झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या गॅम्बोज नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचे पाण्यात कण करून त्यांतून त्यांनी सारख्या आकाराचे कण वेगळे काढले. त्यांच्या पहिल्या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. वातावरणात जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते व सु. ६ किमी. उंचीवर तिची घनता निम्मी होते. पाण्यातील कणही रेणूंप्रमाणेच वागत असतील, तर त्यांचेही असेच एक लहान वातावरण बनले पाहिजे. पेरँ यांनी ०·२१ मायक्रॉन त्रिज्येचे कण (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) तळापासून ५, ३५, ६५ व ९५ मायक्रॉन उंचीवर मोजले, तेव्हा त्यांच्या संख्या अनुक्रमे १००, ४७, २३ व १२ या प्रमाणात आढळल्या. म्हणजे दर ३० मायक्रॉनांस संख्या सु. निम्मी होत होती. या कणाचे वजन ज्ञात असल्यामुळे, कणाचे निम्मे होण्याचे अंतर व हवेचे निम्मे होण्याचे अंतर यांची तुलना करून हवेच्या रेणूचे वजन मिळाले. त्यावरून ३२ ग्रॅ. ऑक्सिजनात किती रेणू असतात, म्हणजेच ‘आव्होगाड्रो संख्या’ किती, हे काढता आले.

परंतु पेरँ यांच्या कार्याचे खरे बळ एका प्रयोगात नव्हते. हीच संख्या काढण्याचे अनेक स्वतंत्र मार्ग त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एकत्र मांडले. वायूंची श्यानता, कणांची उंचीनुसार विभागणी, ब्राउनीय गतीतील सरकणे, आकाशाचा निळा रंग, तप्त वस्तूंचे प्रारण, इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार आणि रेडियमापासून बाहेर पडणाऱ्या आल्फा कणांची गणना यांचा परस्परांशी वरवर काहीही संबंध नाही. तरीही या सर्वांतून येणारे उत्तर ६ वर २३ शून्ये ते साडेसातावर २३ शून्ये एवढ्या अरुंद मर्यादेतच येत होते. अणू ही केवळ सोयीची कल्पना असती, तर इतक्या भिन्न वाटांनी निघालेल्यांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचावे, हा निव्वळ योगायोग मानावा लागला असता. ओस्टव्हाल्ट यांनी १९०८–०९ मध्येच आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत द्रव्याची कणमयता प्रयोगाने सिद्ध झाल्याचे मोकळेपणाने मान्य केले. पेरँ यांना १९२६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अविभाज्यतेचा शेवट : अणू आहेत हे सिद्ध होत असतानाच ते अविभाज्य नाहीत हेही उघड होत होते. सर जे. जे. टॉमसन (१८५६–१९४०) यांनी १८९७ मध्ये केंब्रिज येथे, निर्वात नळीतील ऋण किरण हे ऋण विद्युत् भारित कणांचे बनलेले असून त्यांचे द्रव्यमान हायड्रोजन अणूच्या द्रव्यमानाच्या एक सहस्रांशाहून कमी असल्याचे दाखविले (आजचे मूल्य सु. १/१,८३७). नळीत कोणताही वायू व विद्युत् अग्रास कोणतीही धातू वापरली, तरी हे कण सारखेच असत. त्यावरून इलेक्ट्रॉन हा सर्व अणूंचा घटक असला पाहिजे असे अनुमान निघाले. तत्पूर्वी १८९६ मध्ये आंरी बेक्रेल यांना युरेनियमाच्या संयुगांतून आपोआप प्रारण बाहेर पडत असल्याचे आढळले होते. मारी व प्येअर क्यूरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम ही किरणोत्सर्गी मूलद्रव्ये शोधून काढली. किरणोत्सर्गात एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होते, असे अर्नेस्ट रदरफर्ड व फ्रेडरिक सॉडी यांनी १९०२ मध्ये प्रतिपादन केले. नित्य व अविकारी अणूची प्राचीन कल्पना येथे संपली.

अणुकेंद्राचा शोध : टॉमसन यांनी १९०४ मध्ये सुचविलेल्या प्रतिकृतीनुसार अणू म्हणजे धन विद्युत् भाराचा एकसंध गोल असून त्यात इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. ही प्रतिकृती मँचेस्टर येथील प्रयोगांनी मोडीत काढली. रदरफर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूंच्या अतिशय पातळ पत्र्यांवर आल्फा कण सोडले. बहुतेक कण फारसे विचलित न होता आरपार गेले. परंतु १९०९ मध्ये असे आढळले की, सु. ८,००० कणांमागे एखादा कण मागे परावर्तित होतो. विखुरलेला विद्युत् भार एवढा मोठा आघात करू शकत नाही. रदरफर्ड यांनी १९११ मध्ये याचा अर्थ लावला : अणूचा सर्व धन विद्युत् भार व जवळजवळ सर्व द्रव्यमान अत्यंत लहान केंद्रात साठविलेले असून उरलेला अणू बहुतांशी रिकामा आहे. डीमॉक्रिटस यांनी अणूंच्या दरम्यान मानलेली पोकळी अशा प्रकारे अणूच्या आतच सापडली.

बोर यांची प्रतिकृती व अणुक्रमांक : रदरफर्ड यांच्या अणूत एक दोष होता. त्या वेळच्या विद्युत् चुंबकीय सिद्धांतानुसार केंद्राभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाने ऊर्जा उत्सर्जित करीत सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात केंद्रात कोसळावयास हवे. म्हणजे असे अणू टिकूच शकत नाहीत. डॅनिश भौतिकीविज्ञ नील्स बोर (१८८५–१९६२) यांनी १९१३ मध्ये, इलेक्ट्रॉन काही विशिष्ट कक्षांतच ऊर्जा न गमावता राहू शकतात व एका कक्षेतून दुसरीत जातानाच प्रकाश उत्सर्जित वा शोषित होतो, असे गृहीत धरले. या गृहीतकाला त्या वेळी कोणताही सैद्धांतिक आधार नव्हता. परंतु हायड्रोजनाच्या वर्णरेषांसाठी योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये केवळ अंकांच्या जुळणीतून शोधलेले सूत्र त्यातून अचूकपणे मिळाले.

त्याच सुमारास हेन्री मोझली (१८८७–१९१५) यांनी मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची कंप्रता मोजून आवर्त सारणीतील क्रम हा अणुभारावर नव्हे, तर अणुकेंद्राच्या विद्युत् भारावर अवलंबून असतो असे सिद्ध केले. कोबाल्टाचा अणुभार निकेलापेक्षा किंचित अधिक असूनही सारणीत त्याचे स्थान आधी का, हे त्यामुळे स्पष्ट झाले. अणुक्रमांक ४३, ६१ व ७५ या जागा रिकाम्या असल्याचेही त्यांनी दाखविले व त्या पुढे भरल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात गलिपली येथे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मोझली मारले गेले.

सॉडी यांनी १९१३ मध्ये एकाच मूलद्रव्याचे भिन्न अणुभारांचे अणू असू शकतात असे दाखवून त्यांना समस्थानिक हे नाव दिले. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ पासून द्रव्यमान वर्णपटलेखकाने बहुतेक मूलद्रव्ये समस्थानिकांची मिश्रणे असल्याचे सिद्ध केले. उदा., क्लोरिनाचा ३५·४५ हा अपूर्णांकी अणुभार हा ३५ व ३७ द्रव्यमानांकांच्या अणूंची सरासरी आहे. एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्या वजनाचे असतात, हे डाल्टन यांचे सूत्र त्यामुळे सोडून द्यावे लागले. रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये नायट्रोजनाच्या अणुकेंद्रातून हायड्रोजनाचे अणुकेंद्र बाहेर काढले व त्यास पुढे प्रोटॉन हे नाव मिळाले. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये विद्युत् भाररहित न्यूट्रॉन शोधून काढल्यावर समस्थानिकांचे कारणही कळले : त्यांच्यात प्रोटॉन तितकेच असून न्यूट्रॉन कमीअधिक असतात.

अणूविषयीचे हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाही. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये उच्च तापमानास अणूंतून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात याचे समीकरण मांडले. त्यामुळे ताऱ्यांच्या वर्णपटांतील फरक मुख्यतः तापमानामुळे पडतात हे कळले व दूरच्या ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविण्याचा मार्ग खुला झाला.

पुंजयामिकीतील अणू : बोर यांची प्रतिकृती हायड्रोजनाला लागू पडली, तरी हीलियमासारख्या साध्या अणूच्या बाबतीतही ती अपुरी ठरली. ल्वी द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये इलेक्ट्रॉनाला तरंगस्वरूपही असते असे सुचविले व १९२७ मध्ये प्रयोगांनी त्याची प्रचीती आली. व्हेर्नर हायझेनबेर्क (१९२५) व एर्व्हिन श्रोडिंगर (१९२६) यांनी पुंजयामिकीची दोन गणितीय रूपे मांडली. ती समतुल्य असल्याचे लवकरच दिसून आले. या सिद्धांतात इलेक्ट्रॉनाची निश्चित कक्षा उरत नाही. एखाद्या ठिकाणी तो सापडण्याची संभाव्यता किती, एवढेच सांगता येते. व्होल्फगांग पाउली यांच्या १९२५ च्या विवर्जन तत्त्वानुसार एका अवस्थेत एकापेक्षा अधिक इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत व त्यामुळे इलेक्ट्रॉनांची कवचे तयार होतात. मेंडेलेव्ह यांनी अनुभवाने रचलेल्या आवर्त सारणीची कारणमीमांसा अशा रीतीने मिळाली. सूर्यमालेसारख्या अणूचे जे चित्र आजही सर्वत्र छापले जाते, ते यामुळे केवळ खुणेपुरते खरे आहे.

प्रोटॉन व न्यूट्रॉन हेही मूलभूत नसून ते क्वार्क नावाच्या कणांचे बनलेले आहेत, असे १९६४ मध्ये मरी गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे सुचविले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९६८ पासून झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या आघाताच्या प्रयोगांतून त्यास पुष्टी मिळाली. इलेक्ट्रॉनाला मात्र अंतर्रचना असल्याचे आढळलेले नाही.

अणूंचे दर्शन व गणना : सुटे अणू प्रथम दिसले ते १९५५ मध्ये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्व्हिन म्यूलर व त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांनी क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने टंगस्टनाच्या सुईच्या अग्रावरील अणूंची प्रतिमा पडद्यावर मिळविली. झुरिक येथे गेर्ट बिनिख व हाइन्‍रिख रोहरर यांनी १९८१ मध्ये, पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म अंतरावर सुई फिरवून तीमधून वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहावरून अणूंचे चढउतार टिपणारा सूक्ष्मदर्शक बनविला. त्याच प्रकारच्या उपकरणाने १९८९ मध्ये झेनॉनाचे ३५ अणू निकेलाच्या पृष्ठभागावर एकेक करून सरकवून अक्षरे लिहिण्यात आली. ज्यांना माख केवळ विचाराचे साधन मानीत, त्या अणूंना हाताळता येऊ लागले.

तथापि अणूंवरील विश्वास या प्रतिमांवर आधारलेला नाही. त्या मिळण्यापूर्वी चाळीस वर्षे वाद संपला होता, आणि तो संपला होता गणनेने. ही गणना पुढे इतकी अचूक झाली की, सिलिकॉनाच्या एकाच समस्थानिकाचा सु. १ किग्रॅ. वजनाचा जवळजवळ निर्दोष गोल घडवून क्ष-किरणांनी त्याच्या स्फटिकातील अणूंमधील अंतरे मोजण्यात आली व त्यावरून त्यातील अणूंची संख्या काढण्यात आली. या व इतर मापनांच्या आधारे २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत आव्होगाड्रो संख्या ६०,२२,१४,०७६ वर १५ शून्ये अशी निश्चित ठरविण्यात आली आणि द्रव्याच्या राशीचे ‘मोल’ हे एकक तिच्यावर आधारण्यात आले. पूर्वी ग्रॅमांवरून अणूंची संख्या शोधावी लागे. आता मोलची व्याख्याच या संख्येने केली जाते. जी संख्या पेरँ यांच्या काळी अणूंच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून शोधली जात होती, ती आज स्वतःच मापनाचा पाया झाली आहे.